आवाज न चढवणारा जावई

आमच्या घरातल्या मुलीशी ज्याला लग्न करायचं असेल, त्याला आधी फ्रिज उचलावा लागतो. ही रीत मीच काढली आणि मला तिचा भारी अभिमान होता. माझा आणि माझ्या ताईचा घरं हलवून देण्याचा धंदा आहे. लोकांची कपाटं, पलंग, कुंड्या, न वाजणारे पियानो आणि सदा वाजणारी भांडणं आम्ही या घरातून त्या घरात पोचवतो. भांडणांचं भाडं वेगळं लावत नाही.

सामान उचलताना माणसाचा स्वभाव कळतो, असं माझं ठाम मत. चहा पिताना काय, सगळेच सज्जन असतात. ताईच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या चिमणीच्या मागे पूर्वी एक मुलगा लागला होता. दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड. त्याला म्हटलं, ये बाबा, जरा हात लाव. दारात फ्रिज अडकला आणि पठ्ठ्याने फ्रिजला सणसणीत लाथ घातली, वर फ्रिजच्या आईचा उद्धार केला. आम्ही त्याला पाणी दिलं आणि बसथांब्याचा रस्ता दाखवला.

चिमणी हे नाव ऐकून फसू नका. लहानपणी सकाळपासून तिची चिवचिव सुरू व्हायची म्हणून ते पडलं. आता ती वॉशिंग मशीन एकटी पाठीवर घेते आणि घेताना गप्पाही मारते. जिन्यात तिच्यासारखा पाय कुणाचा पडत नाही, हे आमचा वस्तादसुद्धा मान्य करतो. वस्ताद म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्याचे केस पिकले तरी हात अजून लोखंडाचे आहेत. पाचवा गडी खांब. तो इतका उंच आहे की ट्रकच्या छताला रोज डोकं आपटतो आणि रोज त्याचं नवल करतो.

आता हे परीक्षेचं खूळ कुठून आलं, तेही सांगते. चिमणीचा बाप ओरडायचा. आधी ओरडायचा, मग वस्तू फेकायचा, मग ताईवर हात टाकायचा. हा क्रम कधी चुकला नाही. एका सकाळी तो कामावर गेला आणि मी वस्तादचा ट्रक घेऊन ताईच्या दारात उभी राहिले. तो परत येईपर्यंत घरात त्याचे कपडे आणि टीव्ही एवढंच उरलं होतं. टीव्ही त्याचा होता, आम्ही प्रामाणिक माणसं. ते आमचं पहिलं काम. ते बघून समोरच्या शेजारणीने विचारलं, "मी पण घर बदलतेय, माझंही सामान पोचवाल का?" आणि बघता बघता धंदा उभा राहिला.

तेव्हापासून आमची जावयाकडून एकच अपेक्षा होती. आवाज चढवणारा नको. बाकी तो काळा असो, गोरा असो, टकला असो, आम्ही चालवून घेऊ.

आणि मग चष्मेवाला आला.

तो चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. दुकान नव्या जागेत हलवायचं काम आम्ही घेतलं होतं. आरसे चिमणीने वाहिले आणि आरसे वाहता वाहता त्या दोघांचं जमलं. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतंय का? आणि आता?" असं हळू आवाजात विचारायची त्याला सवय, त्यामुळे एरवीही तो तसाच बोलायचा. मी पहिल्याच भेटीत खल्लास झाले. ताई काही लवकर विरघळणारी बाई नाही, पण तीही दोनदा "जेवून जा" म्हणाली.

फ्रिजची परीक्षा त्याने थाटात पार केली. वस्ताद वर आणि हा खाली, मध्ये फ्रिज, आणि जिना असला अरुंद की पाल गेली तर तिचीही शेपटी घासेल. आमच्या धंद्यात जिन्यापुरता एकच कायदा आहे. कुणीही "थांब" म्हणालं की सगळे जागच्या जागी थांबतात. का ते नंतर विचारायचं. वस्ताद "थांब" म्हणाला की चष्मेवाला पुतळा व्हायचा. "डावीकडे" म्हणाला की डावीकडे. घाम चष्म्यावरून गळत होता, पण तोंडातून वावगा शब्द नाही. खाली आल्यावर वस्तादला म्हणतो, "आभारी आहे, खूप शिकायला मिळालं." माझं पाणी पाणी झालं. ताई आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. बघते तर ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती.

"आवाजच नाही गं त्याला," ती म्हणाली. "देवाने माझ्या पोरीसाठी मुद्दाम बिनआवाजाचा पाठवलाय."

पुढचे महिने मजेत गेले. चष्मेवाला रोज संध्याकाळी चिमणीला न्यायला यायचा. दुपारी फोन करायचा. सकाळीही करायचा. कुठे आहेस, कुणाकडचं काम, सोबत कोण कोण आहे. मी खांबला कोपर मारायचे. "बघ, शिक काहीतरी. याला म्हणतात काळजी." चिमणी गुरुवारी गाण्याला जायची, ते बंद झालं, कारण गुरुवार हा त्याला एकट्याने कंटाळवाणा जायचा. तिच्या मैत्रिणी त्याला जरा उथळ वाटायच्या. मलाही वाटायच्या, खरं सांगायचं तर. एकीने माझ्या ओढणीला टेबलक्लॉथ म्हटलं होतं. बाहेर गेले की चिमणीचा फोन तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, हरवेल म्हणून. ट्रकमधली तिची चिवचिव कमी झाली, तेव्हा मी ताईला म्हणाले, "पोरगी जबाबदार झाली हो."

वस्ताद तेवढा नुसता गिअर बदलायचा. मी म्हटलं, "तुम्हाला का पोटदुखी?" तर म्हणाला, "मला काय कळतंय? मी ड्रायव्हर माणूस." हे वाक्य तो काहीतरी कळलेलं असलं की बोलतो.

त्याने नवं घर बघितलं ते शहराच्या पार टोकाला. शेवटच्या बसथांब्यापासून पुढे चालत. "शांत आहे," तो म्हणाला. "आपल्या दोघांत कुणी नको." लग्नाची नोंदणी पुढच्या आठवड्यात होती, त्याआधी चिमणीचं सामान तिकडे न्यायचं ठरलं. स्वतःच्या पोरीचं सामान हलवायचं म्हणून आम्ही ट्रक धुऊन काढला. खांबने ट्रकच्या आरशाला फुगा बांधला.

सकाळी तिच्या खोलीत गेलो तर चष्मेवाला आधीच हजर. खोकी भरून तयार, त्यांवर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या. असा जावई कुठे मिळतो, मी मनात म्हटलं. दाराशी टाकाऊ सामानाचा ढीग होता आणि त्यावर चिमणीचे कामाचे बूट होते. तिच्या पायात आज त्याने आणलेल्या नाजूक पट्ट्यांच्या सँडल होत्या.

"हे बूट का गं टाकतेस?" ताईने विचारलं. "चांगले आहेत की."

"लग्नानंतर कामाला येऊ नको म्हणतोय," चिमणी म्हणाली. "पाठ जाईल म्हणतो."

"तुला काय वाटतं?"

चिमणीने खोक्याची चिकटपट्टी उगाच पुन्हा दाबली. "त्याला वाईट वाटतं ना मग," ती म्हणाली.

मी बूट उचलून ट्रकमध्ये टाकले, कारण धडधाकट बूट फेकलेले मला बघवत नाहीत. तेवढ्यापुरतंच माझं डोकं चाललं.

नव्या घरी लिफ्ट होती, बरंचसं सामान तिने वर गेलं, पण कपाट तिच्यात मावेना. हे कपाट ताईने पोरीसाठी खास करून घेतलं होतं, जड लाकडाचं, आतून आरसा असलेलं. जिन्याने न्यायचं ठरलं. वस्ताद पुढे सरसावला तर चष्मेवाल्याने हसत त्याला बाजूला केलं. "आमचं कपाट आम्ही दोघं नेतो," तो म्हणाला. "शकुन समजा." तो वरच्या बाजूला, चिमणी खाली. भार सगळा खालच्यावर येतो, पण चिमणीला ते नवीन नव्हतं. तिच्या मागे वस्ताद आणि खांब गादी घेऊन, मग एक खोकं घेऊन ताई, आणि शेवटी मी, हातात फक्त दिवा, कारण कुणीतरी देखरेख करायला हवी.

पहिली वळणं सुरळीत पार पडली. मी खालून जावयाचं कौतुक करत होते. पुढच्या वळणावर कपाटाचा कोपरा भिंतीकडे झुकला. चिमणीचा हात कोपऱ्याखाली होता.

"थांब," ती म्हणाली.

वर कपाट हललं. "अगं, जमतंय."

"थांब, माझा हात..."

"झालंच की. तू घाबरतेस फार." आवाज तसाच, लोण्यासारखा. आणि त्याने कपाट वर ओढलं.

"थांब!"

हे "थांब" खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्याने आणखी एकदा ओढलं. चिमणीची सँडल घसरली. वस्तादने गादी टाकली आणि खांदा कपाटाखाली घातला, म्हणून पुढचं टळलं. कपाट वळणावर टेकलं. चिमणीने हात बाहेर काढला तेव्हा तीन बोटांची सालं निघाली होती.

चष्मेवाला कपाटाच्या बाजूने अंग चोरून खाली आला. तिचा हात हातात घेतला, फुंकर घातली. मला वाटलं, चला, घाबरला बिचारा. मग तो अगदी प्रेमाने म्हणाला, "तिथे हात ठेवतात का, वेडे?" आणि आणखी हळू, "आणि एवढं किंचाळायला काय झालं? पहिल्याच दिवशी शेजारपाजार बघतोय. मला मान खाली घालायला लावलीस."

चिमणीने बोटं ओढणीत गुंडाळली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

ताईच्या हातातलं खोकं खाली आलं. भांड्यांचं होतं, मोठा आवाज झाला. मी ताईकडे बघितलं. हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं ताईच्या तोंडून ऐकले होते. सुजलेला गाल घेऊन ती माझ्याकडे यायची आणि चहाच्या आधी हेच म्हणायची. मी चिडायचे, ती पुन्हा म्हणायची. तिची पोर तेव्हा जमिनीवर बसून चित्रं रंगवत असायची. आम्हाला वाटायचं, तिचं लक्ष नाही.

"वस्ताद," ताई म्हणाली, "कपाट खाली घ्या."

"आई, अहो, एवढ्याशा खरचटण्यावरून?" चष्मेवाला हसला. "मावशी, तुम्ही तरी सांगा."

आता माझी पंचाईत झाली. मीच ह्याला डोक्यावर घेतलेलं. आवाज त्याने आताही चढवला नव्हता, फेकाफेक केली नव्हती, भिंतीला साधी चापट मारली नव्हती. माझ्या परीक्षेत तो अजूनही पहिलाच होता. मी तोंड उघडलं ते "जाऊ दे गं ताई" म्हणायला, आणि वस्तादवर नजर गेली. तो अजून कपाटाला खांदा देऊन उभा होता. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काय रे," मी म्हटलं, "त्या दिवशी वस्तादचं थांब तुला बरोबर ऐकू येत होतं. हिचं का नाही आलं?"

"वस्तादांना त्यातलं कळतं ना," तो म्हणाला. "ही उगाच घाबरते."

"ही? अरे, या शहरातली निम्मी कपाटं हिने चढवलीत. तू चष्मे पुसतोस!"

एवढं बोलून मी दिवा त्याच्या हातात दिला, कारण मला दोन्ही हात मोकळे हवे होते. मग जे झालं ते आमच्या धंद्यातलं अत्यंत सुबक काम होतं. आम्ही सामान वर नेलं त्याच्या निम्म्या वेळात खाली आणलं. खोकी, खुर्ची, कपाट, कपाटातला आरसा. चष्मेवाला दिवा धरून दारात उभा होता आणि प्रत्येक फेरीला मऊपणे विचारत होता, "हे बरं दिसतं का?" खांब म्हणाला, "हो, ट्रकमध्ये छान दिसेल."

पण चिमणीने कशालाच हात लावला नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिली. वस्तादने तिच्या बोटांना पट्टी बांधली, तेव्हाही ती वरच्या खिडकीकडे बघत होती.

"तो वाईट नाही गं मावशी," शेवटी ती म्हणाली. "मला सर्दी झाली तरी रात्रभर जागतो."

मी चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. आम्ही सामान आणू शकतो, माणूस नाही आणता येत. त्या ट्रकच्या सकाळीआधी ताईला एकदा मी तिचं मन तयार नसताना ओढून आणलं होतं, ती चार दिवसांत परत गेली होती. पोरगी आता उठून जिना चढली असती तर आम्ही कपाट पुन्हा वर नेलं असतं आणि दारातून हसत निघालो असतो, हे मला आणि ताईला दोघींना कळत होतं.

चष्मेवाला खाली आला. "दोन मिनिटं हिच्याशी एकटीशी बोलू?" त्याने विचारलं.

ताईने चिमणीकडे बघितलं, मग पाठ फिरवली आणि ट्रकमध्ये आत जाऊन गादीवर बसली. "तिचं तिला ठरवू दे," ती मला म्हणाली. "मी बघत बसले तर ती माझ्यासाठी ठरवेल." एवढं शहाणपण मला नाही. मी तिथेच चादरींच्या घड्या घालत राहिले. एकच चादर किती वेळा घडी केली ते विचारू नका.

"इथेच बोल," चिमणी त्याला म्हणाली. मग घसा साफ केला. "लग्न आपण थोडं पुढे ढकलू या. उन्हाळा जाऊ दे. तोवर मी कामाला येत राहीन. गुरुवारी गाण्याला जाईन. तू पण ये, हवं तर ऐकायला. चालेल?"

माझी घडी थांबली. किती साधी गोष्ट मागितली होती. त्याने नुसतं "बरं" म्हटलं असतं तर ती तिथेच त्याच्या गळ्यात पडली असती, आणि मीसुद्धा.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"तू कुणावर जाणार आहेस, मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज इतका हळू की मला कान टवकारावे लागले. "तू तुझ्या आईसारखी होणार. लिहून ठेव. जन्मभर लोकांची कपाटं उचलणार आणि म्हातारपणी एकटी बसणार. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस."

मी चादर टाकली. त्याच्या टाळक्यात काय घालावं ते शोधत होते. तेवढ्यात ट्रकमध्ये खांब उभा राहिला आणि छताला डोकं आपटून "अरे, हे कधी झालं?" म्हणाला.

ताई हसली. भीतीने तिचा जीव अर्धा झाला असणार, पण हसू आलं ते तिला आवरेना. ती तोंडावर हात ठेवून हसत नाही. ती गादीवर मागे रेलते, पाय आपटते आणि सगळा ट्रक हलतो. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडल्यावर कितीतरी दिवस तिला हसायला जमत नव्हतं, मग हळूहळू यायला लागलं ते असं. शेजारी वस्ताद संत्रं सोलत होता, तोही हसू लागला. ताईच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस फडक्यात बांधलेले, गालावर धुळीचा पट्टा, आणि डोळ्यांतून पाणी.

चिमणी मान वळवून आईकडे बघत राहिली. चष्मेवाला वाट बघत उभा होता.

"खरंच?" तिने त्याला विचारलं. "होईन मी तशी?"

तिने चांगला हात पुढे केला.

"माझा फोन दे."

त्याने खिशातून काढून दिला. चिमणीने वाकून पायातल्या सँडल सोडल्या, फळीवर चढली आणि अनवाणीच आत जाऊन आईला चिकटून बसली. "सरक की जरा," ती म्हणाली, "आणि मला पण एक फोड दे."